दादांना पिवळं दिसायला लागलं

आमचे दादा, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, जुन्या मोटरसायकलींच्या रिमना क्रोम चढवतात. त्यांच्या जागेला कारखाना म्हणायचं ते केवळ सोयरिकीचा मान ठेवून. पत्र्याचं छप्पर, सदा ओली फरशी, सहा हौद आणि भिंतीला टेकून घरघरणारा करंटचा डबा, एवढाच तो प्रपंच. त्यांच्या आणि माझ्या दुकानामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत एक दार आहे. ते दार कधी बंद नसतं, कारण ते बंद होतच नाही. हौदांच्या वाफेने त्याच्या बिजागऱ्या खाऊन टाकल्या आहेत.

मी चाकं बांधतो. म्हणजे दादांकडून आलेली रिम घ्यायची, मध्ये ज्यात स्पोक अडकतात तो हब ठेवायचा, चाळीसेक स्पोक ओवायचे आणि एकेक स्पोक ताणत चाकातला डुगडुग काढायचा. गिऱ्हाईक येतं, चाक बघतं आणि म्हणतं, ‘वा, काय चमक आहे!’ चाक केसभरही इकडेतिकडे न होता फिरतंय, हे कुणाच्या बापाच्या लक्षात येत नाही. तीस वर्षं मी हे ऐकतो आहे आणि तीस वर्षं माझा जळफळाट होतो आहे. पण ते असो. गोष्ट दादांची आहे.

लोकांना वाटतं, क्रोम चढवायचं म्हणजे रिम हौदात बुडवायची आणि बाहेर काढायची. असं असतं तर मीही केलं असतं. जुनी रिम आली की आधी तिच्या अंगावरचं सगळं उतरवायचं. वरचं क्रोम, त्याखालचं निकेल, मग उघडं पोलाद. गंजाने त्या पोलादाला मुंग्यांनी पोखरल्यासारखे खड्डे पाडलेले असतात. तिथून रिम जाते वहिनींकडे. वहिनी म्हणजे दादांची बायको. मोटरवर गरगर फिरणारं कापडाचं जाडजूड चाक असतं, त्याला बफ म्हणतात, त्याच्यासमोर ही बाई एकतीस वर्षं उभी आहे. तोंडाला कपडा बांधायचा, रिम दोन्ही हातांनी बफवर दाबून धरायची आणि खड्डे जाईपर्यंत घासायची. मग तांब्याचा थर, पुन्हा घासणं, मग निकेलचा थर, आणि सगळ्यात शेवटी क्रोम. क्रोम इतकं पातळ बसतं की ते काहीच झाकत नाही. खाली जे असेल ते वर दिसतं. म्हणजे ज्याला लोक दादांची चमक म्हणतात ती निम्मी वहिनींची. पण त्यांना कोण विचारतो? मला तरी निदान जळफळायला वेळ मिळतो, त्यांना तोही नसतो.

आता दादांची खरी करामत. निकेलला सायीसारखी पिवळसर झाक असते, क्रोमला निळसर. रिमच्या कडांवर करंट भराभर पोचतो आणि आतल्या खोबणीत रडतखडत पोचतो. करंट कमी पडला तर खोबणीत निकेलचं पिवळं तसंच राहतं. जास्त झाला तर कडा जळतात, राखेसारख्या करड्या होतात. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. करंट आतवर पोचावा म्हणून दादा खोबणीच्या आकाराची शिशाची कांब वाकवून आत बसवायचे, करंटच्या बटणावर दोन बोटं ठेवायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि रिम वर काढून पाण्यात बुचकळून उजेडात धरायचे. बघायचे आणि म्हणायचे, ‘झालं.’ नाहीतर म्हणायचे, ‘परत.’ परत म्हटलं की नुसतं पुन्हा बुडवून भागत नाही, क्रोमवर क्रोम बसत नाही. चढवलेलं अ‍ॅसिडमध्ये विरघळवून नव्याने चढवावं लागतं. त्या दोन शब्दांवर त्यांचा सगळा लौकिक उभा होता, आणि ते दोन शब्द त्यांच्याखेरीज कुणी उच्चारायचे नाहीत असा नियम होता. वहिनी क्रोमच्या हौदाजवळ जरा जरी आल्या तरी दादा म्हणायचे, ‘तिकडे हो गं, वाफ लागेल.’ काळजी होती, नाही असं नाही. पण नुसतीच काळजी नव्हती, हे वहिनींनाही कळत होतं.

वाफ लागते हे मात्र खरं. दादांचं नाक त्या वाफेने केव्हाच कामातून गेलं. वास म्हणून काही येत नाही. त्याचं त्यांना कधी दुःख वाटलेलं मी पाहिलं नाही, उलट चारचौघांत तोच त्यांचा हुकमी विनोद. ‘आमच्या घरी दूध करपलं की मला शेजाऱ्यांकडून कळतं,’ असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

ही घडी बिघडायला कधी लागली ते मला नक्की सांगता येणार नाही. वर्षभरापूर्वी एक रिम माझ्याकडे आली, स्पोक ओवताना बघतो तर कडेला नखाएवढा करडा डाग. म्हटलं, असेल एखादी. भल्याभल्यांचा पाय घसरतो. पुढच्या महिन्यात दोन आल्या. मग डाग नखाएवढा राहिला नाही, बोटभर झाला. तिकडे हौदापाशी ‘परत’ जास्त ऐकू यायला लागलं. एकेक रिम दोनदा, तीनदा अ‍ॅसिडमध्ये जायची. प्रत्येक वेळी दादा करंट आणखी वाढवायचे आणि पुटपुटायचे, ‘खोबणीतलं पिवळं जातच नाही.’ कधी म्हणायचे हौदात घालायचं निकेलचं मीठ भेसळीचं आलंय, कधी म्हणायचे करंटचा डबा म्हातारा झालाय. डबा बदलला, मीठ बदललं. पिवळं काही जाईना.

एक दिवस तर कहर झाला. दादांच्या वस्तादांनी, म्हणजे ज्यांच्याकडे ते हे काम शिकले त्यांनी, स्वतःच्या हाताने क्रोम केलेला एक चमचा दादांना दिला होता. तो हौदामागच्या खिळ्याला लटकत असे. काही शंका आली की दादा तो चमचा रिमशेजारी धरून बघायचे. चमच्यासारखं दिसलं तर झालं, नाही तर परत. वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, पण निकाल त्यांचाच. त्या दिवशी दादांनी चमचा धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘दाजी, हाताळून हाताळून याचंही क्रोम उडालं हो. खालचं निकेल दिसायला लागलंय.’

मी चमचा बघितला. लखलखीत होता. निळसर, थंड, जसा कायम असायचा तसा.

‘हो का?’ मी म्हणालो. बस, एवढंच म्हणालो.

दादांनी वस्तादांचा चमचा अ‍ॅसिडमध्ये टाकला, वस्तादांचं क्रोम विरघळवलं आणि स्वतःचं चढवलं. चमच्याची दांडी करडी झाली. त्यांनी तो तसाच खिळ्याला अडकवला आणि मी माझ्या दुकानात येऊन खोटं खोटं काम करत बसलो. मेहुण्या-मेहुण्यांत थट्टेला काही बंदी नसते. मी त्यांच्या पोटावरून बोललो आहे, त्यांच्या घोरण्यावरून बोललो आहे, त्यांच्या लग्नातल्या फोटोवरून तर अजून बोलतो. पण कामावरून तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. भिडस्तपणा म्हणा, भित्रेपणा म्हणा. माझी बायको दुसरा शब्द वापरते.

घड्याळजी आले ते या सगळ्याच्या नंतर. घड्याळं दुरुस्त करणारे सडपातळ गृहस्थ, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. त्यांनी कुठल्याशा भंगारातून एक फार जुनी मोटरसायकल आणली होती आणि सहा वर्षं तिचा एकेक भाग जमवत होते. दोन्ही रिम मूळच्या होत्या. त्या मापाच्या आता कुणी बनवत नाही. दादांनी रिमवर टिचकी मारली आणि कान लावला.

‘पातळ झाल्यात,’ ते म्हणाले. ‘आधी कुणीतरी दोन-तीनदा घासल्यात. अजून एकदा बफ सोसतील. त्यानंतर घासलं तर स्पोक ताणताना फाटतील. काय दाजी?’

‘चिंधीसारख्या,’ मी म्हणालो. हे बोलायला मला भीड पडली नाही.

‘एकदाच पुरे आहे ना आपल्याला?’ घड्याळजींनी विचारलं.

‘आपल्याला एकदाच पुरे असतं,’ दादा म्हणाले. पूर्वी हे वाक्य खरं होतं.

वहिनींनी त्या रिम आठ दिवस घासल्या. एरवी त्या दाबून घासतात, या वेळी लहान मुलाला आंघोळ घालावी तशा हलक्या हाताने. तांबं झालं, निकेल झालं. पुढच्या चाकाची रिम क्रोममध्ये गेली. परत झाली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा दादा म्हणाले, ‘झालं,’ पण सुरात दम नव्हता. घड्याळजींना निरोप गेला. ते आले, खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि रिमच्या कडेकडेने असे फिरले की मला वाटलं आता हिचे काटे पुढे-मागे करतात की काय.

‘इथे जरासं ढगाळ आहे,’ ते हळूच म्हणाले. ‘आणि इथे. बाकी उत्तम आहे.’

एवढं सौम्य बोललं गेलं होतं की एखाद्याने कानाआड केलं असतं. दादा मात्र लालबुंद झाले. घड्याळजी गेले तशी त्यांनी रिम खांद्यावर घेतली आणि थेट वहिनींपुढे नेऊन ठेवली.

‘निकेलच खराब बसलंय. सगळं उतरवतो, पोलादापर्यंत. पुन्हा घास.’

वहिनींनी बफची मोटर बंद केली. कापडाचं चाक थांबायला वेळ लागतो. ते पूर्ण थांबल्यावर त्या म्हणाल्या,

‘मी नाही घासणार.’

‘काय?’

‘ही रिम मी बफवर धरणार नाही. तुम्हीच म्हणालात, एकदाच सोसेल म्हणून. निकेलला काही झालेलं नाही.’

‘खोबणीत पिवळंधमक दिसतंय!’

‘नाही दिसत.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ दादा ओरडले.

मी दारात उभा होतो. आता आत जावं की बाहेर, हेच मला समजेना. वहिनींनी तोंडावरचा कपडा खाली ओढला. कपड्याखालचं नाक-तोंड स्वच्छ, बाकी सगळा चेहरा बफच्या काजळीने काळा. त्या माझ्या अंगावरून माझ्याच दुकानात शिरल्या. स्पोकच्या टोकाला बसतात त्या छोट्या टोप्या माझ्याकडे दोन डब्यांत असतात, एका डब्यात निकेलच्या, दुसऱ्यात क्रोमच्या. वहिनींनी दोन्ही डब्यांतून चिमूट चिमूट उचलली आणि परत जाऊन दादांपुढे तळहात उघडला. आठ टोप्या होत्या.

‘वेगळ्या करा,’ त्या म्हणाल्या.

‘हा काय पोरखेळ लावलाय?’

‘वेगळ्या करा ना. निकेलच्या इकडे, क्रोमच्या तिकडे.’

दादांनी हसून पहिली टोपी उचलली. दुसरी उचलली. मग दोन्ही परत ठेवल्या. तळहात धरून त्यांनी वहिनींना दारापाशी उजेडात आणलं. मान तिरपी केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून नुसतं बघून निकेल की क्रोम सांगणारा हा माणूस. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

‘सगळ्या एकाच डब्यातल्या आहेत,’ शेवटी ते म्हणाले. ‘सगळं निकेल आहे. मला फसवायला बघतेस?’

‘दाजी, सांगा,’ वहिनी म्हणाल्या.

मला सांगावं लागलं. ‘चार क्रोमच्या आहेत, दादा.’

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग टोप्यांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. जवळच एक उलटी बादली होती, तिच्यावर बसले.

‘नाक गेलं तेव्हा गावभर हसत सांगत फिरलात,’ वहिनी म्हणाल्या. आवाज आता उतरला होता. ‘डोळ्यांचं एकदा मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं?’

‘नाकाने कुणी क्रोम करतं का गं?’ दादा म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, ‘कधीपासून?’

‘वर्ष झालं असेल.’

‘वर्षभर तुम्ही माझ्या जळलेल्या रिम घेऊन चाकं बांधलीत?’

‘जळलेलं फार दिसायचं नाही,’ मी म्हणालो आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे यायच्या आधी रिम वहिनींकडे पुसायला जायच्या. ती बाई रोज संध्याकाळी पेस्ट आणि चिंधी घेऊन कडा हाताने घासत बसायची. मला वाटायचं, पुसतायत. त्या दादांची चूक घासून काढत होत्या. जेवढी निघत नव्हती तेवढीच माझ्यापर्यंत येत होती.

दादांच्याही ते लक्षात आलं असावं. ‘आणि तू?’ ते वहिनींना म्हणाले. ‘तू का नाही बोललीस?’

‘एकतीस वर्षांत कसं झालंय म्हणून मला कधी विचारलंत?’

दुसऱ्या दिवसापासून दादा आलेच नाहीत. हौदांवर फळ्या पडल्या. मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी डोळ्यांना रुमाल लावला आणि मग माझी खरडपट्टी काढली. ‘कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तुमच्या डोक्यात वर्षभर शिरलं नाही? का शिरलं होतं आणि गप्प बसलात?’ शिरलं होतं आणि गप्प बसलो, हे खरं उत्तर होतं. ते दिल्यावर त्या रात्री मला कुणी जेवायला वाढलं नाही. माझं मी वाढून घेतलं.

चौथ्या दिवशी वहिनी दादांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. त्याने नजर अंधुक तर होतेच, पण डोळ्यातली काच पिवळी पडते आणि निळं दिसेनासं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आधी उजवा डोळा, पाच आठवड्यांनी. अर्ध्या तासाचं काम आहे, घाबरायचं काही कारण नाही.

‘अर्ध्या तासातच सगळं बिघडतं,’ दादा मला म्हणाले. ‘मला सांगता? रिमही अर्ध्या तासातच बिघडते.’

घड्याळजी पाच आठवडे काय, पाच महिने थांबायला तयार होते. पण सहाव्या दिवशी दादांनी फळ्या काढल्या. मी म्हणालो, ‘डोळा होऊ द्या की आधी.’

‘आणि नाही झाला तर?’ दादा म्हणाले. मी त्यांना इतकं साधं, इतकं घाबरून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ‘डोळा परत आला नाही तर हे सगळं भंगारात द्यायचं की चालू राहू शकतं, ते मला टेबलावर आडवं व्हायच्या आधी कळायला हवं, दाजी. नंतर कळून मी काय करू?’

त्यांनी घड्याळजींची रिम अ‍ॅसिडमध्ये सोडली. जळकं क्रोम फसफसत निघून गेलं, खाली वहिनींचं निकेल जसंच्या तसं होतं. बफला हात न लावता वहिनींनी ते पेस्टने उजळलं, दादांनी वर निकेलचा एक झिरझिरीत हात दिला. त्यानंतर थांबून चालत नाही. निकेल हवेत राहिलं की रुसतं, मग त्यावर क्रोम धरत नाही. दादांनी रिमला तारा बांधल्या, शिशाची कांब खोबणीत बसवली आणि मान वर न करता म्हणाले, ‘इकडे ये.’

वहिनींनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

‘तुला म्हणतोय. कपडा नीट बांध, वाफ असते.’

वहिनी हौदापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या दारात. रिम त्या गडद तपकिरी पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. दादांनी बटणावर बोटं ठेवली आणि सवयीने फिरवायला लागले.

‘कमी,’ वहिनी म्हणाल्या.

बोटं थांबली. थोडी मागे आली.

‘अजून थोडं. पूर्वी तुम्ही इथे ठेवायचात. त्या खुणेच्या अलीकडे.’

‘तू बघायचीस?’

‘बफवर डोळे कशाला लागतात? हातांना कळतं. डोळे इकडेच असायचे.’

दादांनी बटण खुणेच्या अलीकडे आणलं. मनात मोजू लागले, ओठ हलत होते. मग दोघांनी मिळून रिम वर काढली, पाण्यात बुचकळली, झटकली आणि उजेडात धरली. वहिनी बघत होत्या. दादाही बघत होते आणि त्यांना काय दिसतंय ते त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. त्यांना खोबणीत पिवळं दिसत होतं. गोल, अखंड पिवळं. तोंड उघडलं गेलं, ‘परत’चा ‘प’ ओठांवर आला.

‘झालं,’ वहिनी म्हणाल्या.

रिम दादांच्या हातातच होती. हौद वीतभर अंतरावर, अ‍ॅसिड दोन पावलांवर. माणसाने उभा जन्म स्वतःच्या डोळ्यांवर काढावा आणि एक दिवस समोर धडधडीत दिसत असलेलं खोटं आहे असं मानावं, हे मला जमलं असतं का? मला नसतं जमलं. मी अजून एकदा, फक्त एकदा, म्हणून बुडवली असती.

‘नक्की?’ त्यांनी विचारलं.

‘नक्की.’

दादांनी तोंड मिटलं आणि रिम सुकायला आकड्याला टांगली. मग दुसरी केली, तशीच. त्या दिवशी ते पुन्हा त्या रिमकडे बघायला गेले नाहीत. मीच चाकं बांधली, जीव मुठीत धरून ताणली, आणि दोन्ही धडधाकट राहिली. घड्याळजी भिंग घेऊन आले तेव्हा दादा मागे हौद धुवत होते. हौद धुवायची काही गरज नव्हती. घड्याळजींनी दोन्ही चाकं पुरती तपासली आणि भिंग खिशात ठेवून वहिनींना नुसता हात जोडून नमस्कार केला.

यथावकाश उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, औषधांचे थेंब सुरू झाले, काळा चष्मा आला. घरी जाताना दादा म्हणाले, ‘घड्याळजींकडून जाऊ या.’ डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण दादा ऐकतील तर शपथ. मी, वहिनी आणि ते, असे तिघे गेलो.

दुकानामागच्या खोलीत मोटरसायकल उभी होती. पूर्ण झालेली. टाकी लावलेली, चाकं बसवलेली, खिडकीतून आलेलं ऊन थेट पुढच्या चाकावर. दादा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. चष्मा काढला. एक डोळा झाकला, बघितलं. मग तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. घड्याळजींनी भिंग पुढे केलं ते त्यांनी घेतलं नाही. एका डोळ्याला अजून निकेल दिसत होतं आणि दुसऱ्याला क्रोम. खोबणीत शेवटपर्यंत पोचलेलं, कडांना कुठेही न जळलेलं, निळसर. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात असं काम मी दोनदा किंवा तीनदा बघितलं असेल.

‘हे मी आज पहिल्यांदा बघतोय,’ दादा घड्याळजींना म्हणाले.

घड्याळजींना ते कळलं नाही. त्यांना वाटलं गाडीबद्दल बोलतायत.

दादा चाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग वळून न बघता वहिनींना म्हणाले, ‘मी परत म्हणणार होतो.’

‘माहीत आहे. तोंड उघडलं होतंत.’

‘वाट लावली असती याची.’

‘लावली नाहीत ना?’

दादांनी मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांकडे बघून माझ्या लक्षात आलं, पण वहिनींच्या माझ्या आधी आलं. त्या घाईघाईने पुढे झाल्या.

‘अहो, काय करताय? डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलंय ना डॉक्टरांनी!’

‘ते बाहेरच्या पाण्याबद्दल म्हणाले होते गं,’ दादा म्हणाले.